जिवंत उंदराच्या मेंदूतल्या केशवाहिन्यांचं अस्तर कसं पाहायचं

पहिल्यांदा मला हे अस्तर स्पष्ट दिसलं, तेव्हा ते दहा मिनिटांत नाहीसं झालं. उंदराला काही झालं नव्हतं, रक्त व्यवस्थित वाहत होतं. चूक माझी होती. दिसतंय म्हटल्यावर हुरूप आला, आणखी ठळक दिसावं म्हणून मी लेझर वाढवला, आणि जे बघायचं होतं तेच जाळून टाकलं. हा लेख वाचून त्या दहा मिनिटांची पुनरावृत्ती कोणाकडून झाली नाही, तर तो लिहिल्याचं चीज झालं.

आधी आपण नेमकं काय बघणार ते सांगतो. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, त्याला अंतःस्तर म्हणतात. या पेशींच्या रक्ताकडच्या पृष्ठभागावर साखरेच्या लांब साखळ्या आणि प्रथिनं यांची दाट लव उगवलेली असते. ही लव म्हणजे ग्लायकोकॅलिक्स, आपलं अस्तर ते हेच. विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखी: ओली, मऊ, बोट लागलं की निघून येणारी. हेपरान सल्फेट, हायलुरोनन, सियालिक आम्ल ही तिच्यातली मुख्य नावं. जॉन लुफ्ट यांनी १९६६ मध्ये रुथेनियम रेड हा रंग वापरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती दाखवली. त्याआधी ऊतक टिकवण्याच्या नेहमीच्या पद्धतींत ती धुऊन जात असे, म्हणून ती कित्येकांच्या लेखी नव्हतीच. मेंदूत ती विशेष दाट असते. २०१८ मध्ये उंदरांवर लँथेनम वापरून केलेल्या अभ्यासात केशवाहिनीच्या पोकळीचा सुमारे ४० टक्के भाग या थराने व्यापलेला दिसला. हृदयात तोच आकडा १५ टक्क्यांच्या आसपास होता आणि फुप्फुसात ४ टक्क्यांच्याही आत.

मग बशीत वाढवलेल्या पेशींवरच का बघू नये? कारण बशीत ही लव नीट उगवतच नाही. रक्ताचा प्रवाह, त्यातली प्रथिनं, दाब, हे सगळं असेल तरच ती जिवंत शरीरातल्यासारखी राहते. म्हणून जिवंत प्राणी लागतो, आणि म्हणूनच आधी कागदपत्रं.

कागदपत्रं आणि उंदीर

भारतात काम करणार असाल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे फॉर्म बी भरून द्यावा लागतो. उंदरांच्या बाबतीत मंजुरी तीच समिती देते. वर सीसीएसईए ही प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती असते, जिला जुने लोक अजून सीपीसीएसईए म्हणतात. अर्जात उंदरांची संख्या लिहिताना सरावाचे उंदीर वेगळे दाखवा. खिडकीची शस्त्रक्रिया पहिल्या काही प्रयत्नांत जमत नाही हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पण मागून संख्या वाढवून मागितली की कोणालाच आवडत नाही. केटामाइन वापरायचं असेल तर ते शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतलं औषध आहे. त्याची नोंदवही आणि कुलूपबंद कपाट यांची सोय आधी करा, अर्ज नंतर.

उंदीर सी५७बीएल/६ जातीचे, ८ ते १२ आठवड्यांचे, २० ते २८ ग्रॅमचे घ्या. अंतःस्तराच्या पेशी स्वतःच हिरव्या चमकाव्यात असं वाटत असेल तर टाय२-जीएफपी ही जात मिळते. पण पेशी चमकणं वेगळं आणि तिच्यावरची लव दिसणं वेगळं. जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन पेशीच्या आत असतं, त्यामुळे ते भिंत कुठे आहे एवढंच सांगतं. लव बघायची तर तिला बाहेरून रंग लागतो.

दोन रंग, दोन वेगळे प्रश्न

पहिला मार्ग उलटा आहे: लव जिथे आहे तिथे काय शिरत नाही ते बघायचं. फ्लुओरेसिन हा हिरवा चमकणारा रंग जोडलेला ७० किलोडाल्टनचा डेक्स्ट्रान, म्हणजे साखरेचा मोठा रेणू, शिरेतून दिला की रक्तद्रव हिरवा चमकतो, पण हे मोठे रेणू दाट लवेत शिरत नाहीत. चमकणाऱ्या रक्तद्रवाची कड आणि पेशीची भिंत यांच्यात एक काळी पट्टी राहते. हान्स व्हिंक आणि ब्रायन डुलिंग यांनी १९९६ मध्ये हॅमस्टरच्या स्नायूतल्या केशवाहिन्यांत हेच दाखवलं. ती पट्टी साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या घरातली निघाली.

दुसरा मार्ग सरळ: लवेला चिकटणारा पदार्थ द्यायचा. लेक्टिन म्हणजे साखरेला चिकटणारं प्रथिन. गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन, म्हणजे डब्ल्यूजीए, सियालिक आम्ल आणि एन-अॅसिटिलग्लुकोसामाइन यांना पकडतं. अॅलेक्सा ५९४ हा लाल चमकणारा रंग जोडलेलं ते तयार मिळतं. इथे एक सापळा आहे. या लेक्टिनचं पूर्ण नाव व्हीट जर्म अॅग्लुटिनिन. अॅग्लुटिनिन म्हणजे गोळा करणारा. तांबड्या पेशींवरही सियालिक आम्ल असतं, आणि मात्रा जास्त झाली की त्या पेशी एकमेकींना चिकटून केशवाहिनी तुंबते. म्हणून कुठल्या तरी लेखातली मात्रा उचलून तशीच वापरू नका. आपल्या लॉटवर, आपल्या उंदरावर कमीपासून चढत्या तीन-चार मात्रा करून पाहा, आणि प्रत्येक वेळी आधी रक्ताचा वेग मोजा, मगच रंग बघा. ज्या मात्रेला वेग बदलत नाही, ती तुमची मात्रा.

दोन्ही रंग एकाच उंदराला द्यायचे असतील तर डेक्स्ट्रान आधी, लेक्टिन नंतर. लेक्टिन साखळ्यांना बांधतं, त्यांचा आकार बदलू शकतो. आधी काळी पट्टी टिपून घ्या, मग लाल कड.

डेक्स्ट्रानसाठी सलाईनमध्ये ५ टक्के द्रावण करून ५० ते १०० मायक्रोलिटर पुरतं. ते ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. न विरघळलेला एखादा कण फुप्फुसात अडकला तर दोष रंगाला दिला जातो, आणि रंग बिचारा निर्दोष असतो. २५ ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्त दोन मिलिलिटरच्याही आत असतं, त्यामुळे ‘अजून थोडं सलाईन मारतो’ हा मोह टाळा. रक्ताचं आकारमान एकदम वाढलं की लव गळते हे इतर प्राण्यांत आणि माणसांतही आढळलंय.

खिडकी

सगळ्यात जास्त लिहिण्यासारखं इथेच आहे, कारण सगळ्यात जास्त प्रयोग इथेच वाया जातात.

मेंदूपर्यंत प्रकाश पोचवायचे दोन मार्ग आहेत. कवटी घासून २० मायक्रॉनच्या आसपास पातळ करायची, किंवा हाडाची चकती काढून तिथे काच बसवायची. पातळ केलेल्या कवटीत मेंदूला धक्का कमी लागतो, सूज कमी येते, आणि नुसता रक्ताचा वेग मोजायचा असेल तर मी तोच मार्ग घेईन. पण उरलेलं हाड प्रकाश थोडा विस्कटतं. अर्ध्या मायक्रॉनची गोष्ट मोजायला निघालेल्या माणसाला ते परवडत नाही. म्हणून इथे काचेची खिडकी.

आमच्याकडच्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांना सगळे काका म्हणतात. ते नव्या मुलांना पहिले दोन आठवडे उंदराला हात लावू देत नाहीत, कच्ची अंडी देतात. अंड्याच्या कवचात ड्रिलने ३ मिलिमीटरचं वर्तुळ कोरायचं, चकती उचलायची, आणि आतला पापुद्रा फाटता कामा नये. पापुद्रा म्हणजे ड्युरा, मेंदूवरचं वेष्टण. सलग पाच अंडी जमली की सरावाचा उंदीर. बिघडलेल्या अंड्यांचं ऑम्लेट होत नाही, कारण ती प्रयोगशाळेतली असतात. एवढीच काय ती हळहळ.

प्रत्यक्षात क्रम असा. आयसोफ्लुरेन ३ ते ४ टक्क्यांनी भूल द्या, मग १.५ टक्क्याच्या आसपास आणा. पायाचं बोट चिमटून पाय आखडत नाही हे पाहा. डोळ्यांत मलम घाला. गुदद्वारातल्या तापमापकाला जोडलेल्या गादीवर शरीर ३७ अंशांवर ठेवा. ब्युप्रेनॉर्फिन आणि कार्प्रोफेन ही वेदनाशामकं कापण्याआधी द्या, नंतर नव्हे. सूज टाळायला बरेचजण डेक्सामेथासोन देतात, मीही देतो. पण स्टेरॉइडचा स्वतः लवेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तुलनेतल्या प्रत्येक उंदराला, निरोगी असो की आजारी, तीच मात्रा, त्याच वेळी.

केस काढून, बीटाडीन आणि अल्कोहोलने आळीपाळीने पुसून, कातडीखाली थोडं लिडोकेन द्या आणि कातडी काढा. हाडावरचा पातळ पडदा खरवडून हाड पूर्ण कोरडं करा. ओल्या हाडावर सिमेंट धरत नाही, आणि तीन आठवड्यांनी ऐन चित्रणात डोकं स्थिर धरायला सिमेंटने बसवलेली पट्टी हातात येते. संवेदी बाह्यकासाठी, म्हणजे मिशांच्या भागासाठी, ब्रेग्मापासून, म्हणजे कवटीवरचे पुढचे सांधे मिळतात त्या बिंदूपासून, १.५ ते २ मिलिमीटर मागे आणि ३ मिलिमीटर बाजूला केंद्र धरा.

ड्रिल अर्ध्या मिलिमीटरच्या टोकाचं. चार-पाच सेकंद फिरवा, थांबा, थंड निर्जंतुक सलाईनचा थेंब टाका, टिपा, पुन्हा फिरवा. हे कंटाळवाणं आहे आणि तसंच असायला हवं. ड्रिलची उष्णता हाडातून थेट खालच्या रक्तवाहिन्यांना लागते. वरून बघताना मेंदू गुलाबी, सुंदर दिसतो आणि लव मात्र भाजून गेलेली असते. उंदराच्या हाडात तीन थर लागतात: वरचा कडक, मधला स्पंजासारखा, खालचा पुन्हा कडक. मधल्या थरात रक्त येतं, घाबरू नका, थांबा. खालच्या थराशी पोचलात की वर्तुळाच्या आतला भाग चिमट्याच्या टोकाने हलकेच दाबा. तो सगळीकडून सारखा हलला की झालं. मग वर सलाईनचा थेंब ठेवून, थेंबाच्या आतच, चकती आडवी उचला. उभी उचलली तर ड्युराला चिकटलेली बारीक नीला तुटते.

ड्युरा ठेवा. काढल्याने चित्र थोडं स्वच्छ येतं हे खरं, पण मेंदूला होणारी इजा त्याहून महाग पडते. रक्त आलंच तर जेलफोम हा रक्त थांबवणारा स्पंज भिजवून ठेवा आणि पाच मिनिटं हात बांधून बसा. मग ३ मिलिमीटरची, क्रमांक १ जाडीची काच टेकवा, कडा सायनोअॅक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने आणि दंतसिमेंटने बंद करा. सिमेंटमध्ये थोडी काळी पूड मिसळली तर खोलीतला प्रकाश संवेदकापर्यंत पोचत नाही.

मग थांबायचं. त्याच दिवशी चित्रण करणारे लोक आहेत आणि काही प्रश्नांना ते पुरतं. अस्तरासाठी मात्र मी दोन ते तीन आठवडे थांबतो. ताज्या जखमेतून सुटणारी विकरं साखरेच्या साखळ्या कापतात, आणि तुम्ही आजाराचा नव्हे तर स्वतःच्या ड्रिलचा अभ्यास करून बसता. या काळात वजन रोज, वेदनाशामक पहिले दोन-तीन दिवस, आणि काच धुरकट झालेला उंदीर यादीतून बाद.

सूक्ष्मदर्शक

दोन फोटॉनांचा सूक्ष्मदर्शक लागतो. मारिया गेपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये ही शक्यता कागदावर मांडली. डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी कॉर्नेल विद्यापीठात १९९० मध्ये ती यंत्रात उतरवली. अवरक्त प्रकाशाचे दोन फोटॉन एकाच क्षणी रंगाच्या रेणूवर पडले तरच तो चमकतो, आणि तशी गर्दी फक्त केंद्रबिंदूवर होते. म्हणून खोलवरचं दिसतं आणि वर-खालचं उगाच उजळत नाही.

टायटेनियम-सफायर लेझर, २० किंवा २५ पटींची पाण्यात बुडणारी, १.० च्या आसपास छिद्रांक (लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचं माप) असलेली लेन्स, आणि संवेदनशील गॅलियम-आर्सेनाइड-फॉस्फाइड संवेदक. तरंगलांबी ८०० ते ८५० नॅनोमीटर ठेवली तर फ्लुओरेसिन आणि अॅलेक्सा ५९४ दोन्ही एकाच लेझरने चमकतात. याचा एक छुपा फायदा आहे. चमक कुठून आली हे लेझरचा बिंदू ठरवतो, बाहेर येणाऱ्या प्रकाशाचा रंग नाही. त्यामुळे हिरव्या आणि लाल चित्रांत एकमेकांपासून सरकण्याची चूक जवळजवळ राहत नाही. दोन रंगांच्या कडांमधलं अंतर हेच तुमचं मोजमाप असल्याने हे सोन्यासारखं आहे. दोन लेझर वापरलेत तर हे गेलं.

सुरुवातीला दर आठवड्याला ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनचे चमकते मणी जेलीत बसवून त्यांचं चित्र घ्या. अशा लेन्सची आडवी स्पष्टता आदर्श स्थितीत ०.३५ मायक्रॉनच्या आसपास असते, उभी सव्वा मायक्रॉन, आणि मेंदूत शिरल्यावर दोन्ही बिघडतात. म्हणजे जी गोष्ट मोजायची आहे ती यंत्राच्या मर्यादेला टेकलेली आहे. इथून दोन नियम निघतात.

एक: केशवाहिनी आडवी पडलेली हवी आणि केंद्र बरोबर तिच्या मध्यावर हवं. उंदराच्या केशवाहिनीचा व्यास ४ ते ६ मायक्रॉन. मध्यापासून एखादा मायक्रॉन वर-खाली झालात तर भिंत तिरकी कापली जाते आणि लव आहे त्यापेक्षा जाड वाटते. प्रत्येक वाहिनीचे अर्ध्या मायक्रॉनच्या अंतराने थर घ्या आणि सर्वात रुंद दिसणारा थर निवडा. दोन: एक पिक्सेल ०.१ ते ०.१५ मायक्रॉनचा ठेवा. ५१२ पिक्सेलच्या चित्रात मग जेमतेम ५० ते ७५ मायक्रॉनचा तुकडा मावतो. मावू द्या.

चित्रणाचा दिवस

शेपटी ४० अंशांच्या आतल्या कोमट पाण्यात धरा, शीर फुगते. ३० गेजची सुई, बुडबुडा काढलेली, आणि रंग अर्ध्या ते एका मिनिटात हळू सोडा.

आधी मोठा नकाशा: कमी ताकदीवर ६०० मायक्रॉनचा चौकोन, पृष्ठभागापासून ३०० मायक्रॉनपर्यंत. कुठली वाहिनी रोहिणी आणि कुठली नीला हे प्रवाहाच्या दिशेवरून ठरवा: रोहिणीला फाटे फुटत जातात, नीला जुळत येतात. शंका असेल तर अॅलेक्सा ६३३ हायड्राझाइड हा रंग रोहिण्यांच्या भिंतीतल्या इलॅस्टिन या लवचिक प्रथिनाला धरतो. ही वर्गवारी न करता काढलेली सरासरी निरर्थक असते, कारण केशवाहिनीतली लव आणि नीलेतली लव सारखी वागतेच असं नाही.

मग १०० मायक्रॉन खोलीच्या आसपासच्या आडव्या केशवाहिन्या निवडा. लेन्सखाली मोजलेली ताकद १० ते २० मिलिवॅटवर भागते. वाढवायची गरज वाटली तर आधी संवेदकाचा विद्युतदाब वाढवा, मग चित्रांची सरासरी घ्या, आणि लेझर अगदी शेवटी. व्हिंक आणि डुलिंग यांनीच दाखवलंय की रक्तात फ्लुओरेसिनचा रंग असताना काही मिनिटांचा प्रखर प्रकाश पुरतो, लव उडून जाते. चमकणारा रंग ऑक्सिजनचे आक्रमक रेणू सोडतो आणि ते साखळ्या तोडतात. माझी ती दहा मिनिटं हीच होती. एका वाहिनीवर सलग अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबू नका. दुसरीकडे जा, परत या.

प्रत्येक वाहिनीत लांबीच्या दिशेने एक ओळ साधारण हजार हर्ट्झने वाचा. तांबड्या पेशी रंग घेत नाहीत, त्या काळ्या सावल्या होऊन जातात आणि चित्रात तिरक्या रेघा उमटतात. रेघेचा उतार म्हणजे वेग. क्लाइनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये घुशीसारख्या पांढऱ्या रॅटच्या मेंदूत ही युक्ती वापरली, ती आजही तशीच चालते. वेग अगदीच मंदावला असेल तर त्या वाहिनीची जाडी नोंदवू नका.

भुलीबद्दल एक गोष्ट. आयसोफ्लुरेन मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगवतं. तुमच्या दोन गटांत भुलीची पातळी अर्ध्या टक्क्याने वेगळी असेल तर फरक भुलीचा आहे की आजाराचा हे सांगता येणार नाही. उंदराला काही दिवस डोकं स्थिर ठेवून बसायची सवय लावून जागेपणी चित्रण करता आलं तर उत्तमच, पण त्याची हालचाल अर्ध्या मायक्रॉनला सहन होत नाही. मी अजून भुलीतच करतो, आणि पातळी दर पाच मिनिटांनी वहीत लिहितो.

मोजणी

फिजी या चित्रं मोजायच्या संगणक-प्रणालीत वाहिनीला काटकोनात एक रुंद रेघ ओढा आणि दोन्ही रंगांची उजळता काढा. हिरव्याची कड म्हणजे त्याची उजळता निम्म्यावर येते ती जागा. लालची जागा म्हणजे त्याचा शिखरबिंदू. दोन्हींमधलं अंतर लिहा, पण त्याला बिनधास्त ‘जाडी’ म्हणू नका. त्यात यंत्राचा धूसरपणा मिसळलेला आहे, आणि तांबडी पेशी घासून जाताना लव दबते, त्यामुळे तुम्ही मोजता ती काळाची सरासरी असते. मण्यांवरून काढलेल्या धूसरपणाने संगणकावर एक खोटी वाहिनी बनवा, तिच्यावर हीच मोजणी चालवा, आणि लव शून्य असताना किती अंतर येतं ते आधी पाहा. शून्य येत नाही. तो आकडा छापताना लाज वाटून घेऊ नका.

दोन तपासण्या सोडू नका. लेक्टिन आधी एन-अॅसिटिलग्लुकोसामाइनमध्ये भिजवून दिलं तर लाल कड विझली पाहिजे. विझली नाही तर रंग कुठेही चिकटतोय. आणि हायलुरोनिडेज किंवा हेपरिनेज हे साखळ्या कापणारं विकर शिरेतून दिल्यावर हिरव्याची कड भिंतीकडे सरकली पाहिजे. मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत नसावं. आमच्याकडे फाइलींची नावं दुसऱ्याच कोणीतरी बदलून देतं.

बिघाड ओळखायचा तर: लाल रंग ठिपक्याठिपक्यांनी दिसला तर लेक्टिनची मात्रा जास्त आहे किंवा ते गोळा झालंय. हिरवा एकाच जागी वाहिनीबाहेर पसरला तर तो बहुतेक लेझरने भाजल्याचा डाग. आजाराची गळती क्वचितच इतकी गोल आणि बरोबर चित्राच्या मध्यावर असते. सगळीकडेच धूसर असेल तर आधी काच पुसा, मग लेन्सखालचं पाणी बघा. निम्म्या वेळा पाणी वाळलेलं असतं.

सगळ्या वाहिन्या झाल्या, लेझर बंद करायला हात गेला, की थांबा. नकाशावर पहिल्या क्रमांकाची केशवाहिनी शोधा आणि सकाळच्याच ताकदीवर तिचं पुन्हा एक चित्र घ्या. अंतर सकाळइतकंच आलं तर उंदराला गादीवरून पिंजऱ्यात हलवा. कमी आलं असेल तर त्या उंदराचं त्या दिवसाचं सगळं बाजूला ठेवा, मधल्या वाहिन्यांची चित्रं कितीही देखणी असली तरी.